रुमालातली पेठ

बेलूरचे नाव काढले की नवखा माणूस एकदम आदराने आपल्याकडे पाहू लागतो. त्याच्या डोळ्यांपुढे चन्नकेशवाचे देऊळ उभे राहते, आरशात मुख न्याहाळणारी ती मदनिका उभी राहते, बाराव्या शतकातले होयसळांचे वैभव उभे राहते. त्याला खरे सांगणे जिवावर येते, पण सांगावे लागते. ते बेलूर हासन जिल्ह्यातले. आमचे बेलूर धारवाड तालुक्यातले. पुणे-बंगळूर हमरस्त्याने धारवाडहून बेळगावकडे निघाले की नरेंद्र, मुम्मिगट्टी मागे टाकल्यावर या गावाची शीव लागते. इथे मदनिका नाहीत. इथे औद्योगिक वसाहत आहे, बसगाड्या बांधणारे आणि माती उपसण्याची यंत्रे जोडणारे कारखाने आहेत, आणि पाळी सुटल्यावर रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर चहा-मिरचीभज्यांची झुंबड आहे.

माझी नोकरी याच वसाहतीतल्या एका हिशेबखात्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर मी इथेच लहानसे घर बांधून राहिलो. पाहुणे येतात, दोन दिवस राहतात आणि तिसऱ्या दिवशी हमखास विचारतात, "इथे पाहण्यासारखे काय आहे?" पूर्वी मी त्यांना धारवाडला पाठवून द्यायचो. साधनकेरी पाहा, बेंद्रे मास्तरांचे घर पाहा, लाइन बाजारात पेढे घ्या. अलीकडे मी त्यांना आमच्याच अंगणात बसवून घेतो आणि समोरचा रस्ता दाखवतो.

कारण या एका रस्त्याइतके पाहण्यासारखे आमच्याकडे दुसरे काही नाही. उत्तरेला गेलात तर कित्तूर. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी तिथल्या किल्ल्यापुढे धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे मारला गेला. इंग्रजी कादंबरीकार थॅकरे याचा हा चुलता. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी स्तंभ धारवाडात आहे, आणि त्याच्याशी लढलेल्या राणी चन्नम्माचे नाव तर आज इकडच्या चौकाचौकांना आहे. त्याच धामधुमीत वॉल्टर एलियट नावाचा एक कोवळा अधिकारी कित्तूरकरांच्या कैदेत पडला. सुटल्यावर तो याच मुलखात राहिला, गावोगाव हिंडून त्याने शेकडो शिलालेखांच्या नकला उतरवून घेतल्या आणि कानडी शाळा निघाव्यात म्हणून खटपटही केली. बाजूला गरग आहे. तिथे राष्ट्रध्वजाची खादी विणली जाते. दक्षिणेला नरेंद्र, तिथल्या शिलालेखांत गोव्याच्या कदंबांची वंशावळ कोरलेली आहे. एवढ्या टापूत राजे, राण्या, कलेक्टर, विणकर सगळे येऊन गेले. आणि या सर्वांच्या पायाखालून एक गोष्ट शतकानुशतके मुकाट्याने चालत राहिली. ती म्हणजे कापसाची बैलगाडी.

देवळाचा वारसा दगडात असतो म्हणून टिकतो. बाजाराचा वारसा बोलण्यात असतो, वजनामापात असतो, फार तर एखाद्या वहीत असतो. गाडी रिकामी झाली की बाजार संपला. म्हणून पेठांचा इतिहास लिहायला कोणी बसत नाही. आमच्या हुबळीचेच घ्या ना. मराठी वाचकाला हुबळी ठाऊक असते ती रेल्वेचे मोठे स्टेशन म्हणून, गंगूबाई हनगलांचे गाव म्हणून, किंवा सावजी खानावळींतल्या तिखटजाळ रश्श्यासाठी. पण सतराव्या शतकात कारवारच्या इंग्रज वखारीला कापड पुरवणारी मोठी बाजारपेठ ती हीच. १६७३ साली शिवाजी महाराजांच्या फौजेने ही पेठ मारली तेव्हा इंग्रजांचाही माल गेला, आणि त्याच्या भरपाईचे टुमणे त्यांनी पुढे कितीतरी वर्षे लावून धरले. पेठेत पैसा होता म्हणून लूट झाली. आणि लुटीचा हिशेब इंग्रजांनी लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला पेठ कळते. पेठेची स्वतःची वही मात्र हरवली.

पुढे अठराव्या शतकात सावनूरच्या नबाबाच्या अमदानीत नवी हुबळी वसली. तिथला जुना बाजार म्हणजे दुर्गदबैल. कोल्हापूरकडचे पाहुणे हे नाव ऐकून 'तिथे बैलबाजार भरतो का' असे विचारतात. त्यात बैल नाही. कानडीत 'बयलु' म्हणजे मोकळे मैदान. किल्ल्यापुढचे मैदान ते दुर्गदबैल. त्याच गावात दाजिबानपेठ आहे, मराठा गल्ली आहे. नावे वाचत पायी हिंडले तरी अर्धा इतिहास कळतो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. त्याआधी सत्तावीस वर्षे धारवाडचा किल्ला टिपूच्या सरदाराकडून घ्यायला परशुरामभाऊ पटवर्धन आणि इंग्रज खांद्याला खांदा लावून महिनोन्महिने वेढा घालून बसले होते. आता त्याच इंग्रजांनी धारवाडला कचेरी थाटली.

मग कापूस आला, म्हणजे होताच, तो जगाच्या बाजारात गेला. इथला देशी कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जायचा, तिथून गलबतांनी मुंबईला आणि पुढे विलायतेला. म्हणून त्याला बाजारात नाव पडले 'कुमठा'. पिकवणारे गाव राहिले बाजूला, चढवणारे बंदर मोठे झाले. १८४० च्या सुमारास कंपनीने अमेरिकन बी आणून इथल्या काळ्या जमिनीत रुजवले. ते रुजलेही, आणि त्याला नाव पडले 'धारवाड-अमेरिकन'. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या इकडे हात पसरू लागल्या. भाव आभाळाला टेकले. युद्ध संपले आणि तेच भाव जमिनीवर आले. आमच्या काळ्या रानाला जगाच्या बाजाराची ती पहिली ओळख. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली. हुबळीला कारखाना झाला, मुरगाव बंदरापर्यंत रूळ गेले, आणि कुमठ्याचे बंदर हळूहळू निजले. या रेल्वेची मुख्य कचेरी धारवाडला होती. १९०८ साली ती कंपनी मद्रास रेल्वेत मिसळली, कचेरी हलली, आणि त्या भव्य इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज भरू लागले. कितीतरी पिढ्या तिथे शिकून गेल्या. आपण रेल्वेच्या हिशेबखात्यात बसून शेक्सपिअर वाचतो आहोत, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात आले असेल?

माझे आजोबा याच कापसाच्या पेठेत, हुबळीला, एका मराठी अडत्याकडे दिवाणजी होते. वडील रेल्वेच्या कचेरीत लागले आणि मी बेलूरच्या कारखान्यात. तीन पिढ्या हिशेब लिहिण्यात गेल्या. आजोबांची अडत पुढे बुडाली. मालकाच्या वारसांनी वाडा विकला, तेव्हा माळ्यावरचे दोन रुमाल, म्हणजे लाल मांजरपाटात बांधलेली वह्यांची दोन बासने, वडिलांनी आपल्याकडे आणली. सगळे मोडीत. कीर्द, खतावणी, अडतवही. लहानपणी सुट्टीत वडिलांनी मला मोडी शिकवली ती याच वह्यांवरून. पुढे अनेक वर्षे ते रुमाल कपाटावर पडून होते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांच्यावर हळदकुंकू पडायचे, एवढाच त्यांचा घराशी संबंध.

ते रुमाल सोडावेत असे मला वाटले, त्याला निमित्त झाले विलायतेचे. माझी पुतणी लेस्टरला असते. तिच्याकडे गेलो असता ती एके दिवशी म्हणाली, "काका, लंडन काय सगळेच बघतात. चला, तुम्हाला एक बाजाराचे गाव दाखवते." मार्केट हार्बरो हे ते गाव. नावातच बाजार. तेराव्या शतकाच्या आरंभापासून तिथे आठवड्याचा बाजार भरत आला आहे. गावात शिरताच चर्चचे उंच निमुळते शिखर दिसते आणि त्याच्या पायथ्याशी लाकडी खांबांवर उभी केलेली एक चिमुकली शाळा. १६१४ साली बांधलेली. शाळा वरच्या मजल्यावर आणि खालचा भाग मोकळा. का, तर बाजारच्या दिवशी लोणी विकायला बसणाऱ्या बायांना ऊनपाऊस लागू नये. वर मुले पाढे म्हणताहेत आणि खाली लोण्याचा भाव चालला आहे, हे चित्र मला फार आवडले. आमच्याकडे सरस्वती आणि लक्ष्मी यांचे पटत नाही म्हणतात. तिथे दोघी एकाच घरात वर-खाली राहत होत्या.

पुढे गेलो तर एक थोरली विटांची इमारत. एकेकाळी ती बायकांच्या कॉर्सेटांचा, म्हणजे पोट आवळून धरणाऱ्या त्या विलायती काचोळ्यांचा, कारखाना होती. सिमिंग्टन नावाच्या घराण्याचा. आता तिथे नगरपालिकेची कचेरी, वाचनालय आणि संग्रहालय आहे. कारखान्यात शिवलेल्या काचोळ्या काचेच्या कपाटात मांडून ठेवल्या आहेत. लाज नाही आणि बडेजावही नाही. आमच्या गावाने पोट कशावर भरले, तर यावर, असे सरळ सांगणे. त्याच संग्रहालयात जवळच्या हॅलटन गावी २००० साली सापडलेला खजिना आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची पाच हजारांवर नाणी. तो सापडला गावातल्या हौशी मंडळींच्या एका गटाला. रानातून फिरून खापरे वेचणे आणि त्यांच्या नोंदी ठेवणे, हा त्यांचा छंद. थॉमस कुक, ज्याच्या नावाने पुढे जगभर सहली निघाल्या, तोही त्या काळी याच गावात राहत होता. १८४१ साली इथून लेस्टरला पायी जाताना त्याला पहिल्या रेल्वे सहलीची कल्पना सुचली. हे सारे एवढ्याशा गावात.

इंग्रजांचे कौतुक करायला मी हे लिहीत नाही. त्यांच्या त्या समृद्धीत आमच्या कापसाचा वाटा किती, हा हिशेब वेगळा आहे. पण घरी परतताना एक विचार डोक्यातून जाईना. त्यांच्याकडे स्थानिक इतिहास हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. १९४८ साली लेस्टरच्याच विद्यापीठात त्याचा विभाग निघाला. हॉस्किन्स नावाचे प्राध्यापक शेताचे बांध आणि जुन्या पायवाटा वाचून गावाचा इतिहास सांगायचे. आमच्या जिल्ह्याचाही इतिहास इंग्रजांनीच लिहून ठेवला. १८८४ च्या धारवाड गॅझेटियरात कापसापासून वजनमापांपर्यंत सगळे आहे. पण तो सरकारच्या बाजूने लिहिलेला. पेठेच्या बाजूने लिहिलेला कागद माझ्या कपाटावर पडून आहे, हे मला विलायतेत आठवले.

आल्यावर रुमाल सोडले. मोडी जिभेवर यायला दोन आठवडे लागले. अडचण मात्र निराळीच आली. अक्षर लागायचे, पण शब्द लागायचे नाहीत. भाषा मराठी, पण माणसांची नावे कानडी, गावांची नावे कानडी, शेतांची नावे तर ठार कानडी. तेव्हा मी शेजारच्या मास्तरांना हाक मारली. मास्तर मूळचे बेलूरचेच, कानडी शाळेतून निवृत्त झालेले. आमचे बोलणे म्हणजे अर्धे मराठी, अर्धे कानडी. वाक्य एका भाषेत सुरू होते आणि दुसऱ्या भाषेत संपते. ते मला 'रायर' म्हणतात. आमच्याकडे कानडी माणूस मराठी भटजी-दिवाणजींना पूर्वापार तसेच म्हणत आला आहे, आणि त्यात आदर किती व चेष्टा किती हे बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहून ठरवावे लागते.

रोज संध्याकाळी कट्ट्यावर आम्ही बसू लागलो. मी वाचायचो, मास्तर उलगडायचे. "हे काय लागत नाही, 'हि'ने सुरू होतंय." "हिरेमनी असेल बघा. थोरलं घर." एकेक नाव जागे होऊ लागले. जुन्या बाजारात सौदा कसा व्हायचा तेही मी त्यांना सांगितले. वडिलांनी तो लहानपणी पाहिला होता. दलाल आणि खरेदीदार समोरासमोर बसत, मध्ये एक रुमाल टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. तोंडाने शब्द नाही. दोन्हीकडचे चेहरे कोरे. मी म्हटले, "बघा मास्तर, ना कानडी ना मराठी. बाजाराची भाषा बोटांची." मला ही कल्पना फार गोड वाटली होती. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "रायर, आणि कापूस ज्याचा तो कुठे बसायचा?"

तो बाजूला उभा असायचा. रुमालाखाली काय ठरले ते त्याला सर्वांत शेवटी कळायचे.

चार दिवसांनी शके १८५३ ची अडतवही निघाली. म्हणजे १९३१. जगभर मंदी आली होती आणि शेतमालाचे भाव कोसळले होते. आमच्याकडचा कापूस उन्हाळ्याच्या तोंडाशी वेचून होतो, त्यामुळे चैत्र-वैशाखाची पाने गच्च भरलेली. एका पानावर 'मौजे बेलूर' आले. आम्ही दोघेही सावरून बसलो. आपल्या गावाचे नाव जुन्या कागदावर पाहण्यात एक वेगळे सुख असते. पुढे घराचे नाव होते. मास्तरांनी ते मला पुन्हा वाचायला लावले. ते त्यांच्या भाऊकीतले घर निघाले.

गाडी एक. बोजे इतके. वजन इतके. मग भाव. मग 'वजा' असे लिहून खाली ओळी. कडता. कसर. तोलाई. हमाली. दलाली. धर्मादाय. आणि शेवटी पूर्वीच्या उचलीवरचे व्याज. भाव निम्म्यावर आला होता, पण तोलाई-हमालीचे आकडे मागच्या वर्षीचेच होते. ते बोज्यावर ठरलेले, भावावर नव्हे. कापूस स्वस्त झाला म्हणून तराजू काही स्वस्त झाला नव्हता. वजाबाकी करून खाली आजोबांनी बाकी लिहिली होती. ती शेतकऱ्याच्या नावे येणे नव्हती, देणे होती. माणूस गाडीभर कापूस घेऊन हुबळीला गेला आणि कर्ज वाढवून बेलूरला परत आला.

मास्तर बराच वेळ वहीकडे बघत होते. त्यांना मोडी येत नाही. ते नुसतीच अक्षरे बघत होते. मग म्हणाले, "रायर, अक्षर लई देखणं आहे हो."

मला काही बोलता आले नाही. आजोबांच्या अक्षराचे कौतुक मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. ओळीत एक फाटा इकडचा तिकडे नाही. पण त्या दिवशी ते कौतुक कानाला टोचले. अक्कांनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला. अंधार पडल्यावर मास्तर उठले आणि जाताना म्हणाले, "आमचा अज्जा म्हणायचा, हुबळीला कापूस नेला की गाडी हलकी होऊन येते नि घर जड. आम्हाला वाटायचं, म्हातारा उगाच बोलतो."

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत असे मला वाटले होते. ते आले. बरोबर एक कोरी वही घेऊन आले.

याच सुमारास पुण्याच्या माझ्या मेव्हण्यांचा फोन आला. रुमालांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. "अहो, मोडी कागद आहेत, तिकडे कोण वाचणार? पुण्याला पाठवून द्या. मराठी माणसाचा ठेवा आहे तो." त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. पुण्यात मोडी जाणणारे आहेत, कागद जपणारे आहेत. सीमेवर राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना असा 'ठेवा' हा शब्द काळजाला लागतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही कागदोपत्री पलीकडचे झालो, आणि आपले काय काय इकडे राहिले याच्या याद्या करण्यात आमच्या सभा सरल्या. पण त्या रात्री मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. या वह्या मराठीत का आहेत? पेठेतले इतर व्यापारी आपापल्या भाषेत वह्या ठेवत. आमच्या मालकाची मराठी. शिवाय पेशवाईपासून कारभाराची भाषा मराठी होती, आणि इंग्रज आल्यावरही शाळा-कचेऱ्यांतून बराच काळ तीच राहिली. कानडी मुलखात कानडी शिकायला मिळावे म्हणून डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांना झटावे लागले, १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ काढावा लागला. आपण जिथे अल्पसंख्य आहोत तिथले दुखणे आपल्याला नेमके कळते. जिथे आपली भाषा वरचढ होती तिथले दुखणे कळायला मास्तरांसारखा शेजारी लागतो.

या वह्या पुण्याला गेल्या तर त्या मोडीचा नमुना होतील. अभ्यासक त्यांतले अक्षर पाहतील, मराठीतले कानडी शब्द वेचतील. पण 'हिरेमनी' म्हणजे कुठले घर, ते तिथे कोणाला कळणार? आणि वजाबाकीच्या त्या ओळी वाचून गप्प बसणारा माणूस तिथे कुठून आणायचा? लिहिणारा आमचा होता म्हणून वही आमची, हे अर्धेच खरे. ज्याच्या नावावर बाकी निघाली त्याचीही ती वही आहे. मी मेव्हण्यांना कळवले की छायाप्रती जरूर पाठवतो. मूळ वह्या मात्र इथेच, या जिल्ह्यात राहतील.

हे वाचून कोणी म्हणेल की तुम्ही बाजाराचा वारसा सांगायला बसलात आणि सावकारीचे पाढे वाचलेत. तर तसे नाही. त्याच वह्यांत पाऊस न झालेल्या वर्षी बियाण्याला दिलेली उचल आहे. अडत्याने एकाच्या लग्नाला धाडलेले लुगडे आहे. आणि पुढच्या वर्षांत बऱ्याच बाक्या पुढे ओढता ओढता एके ठिकाणी थांबलेल्या आहेत, कारण तोवर खुद्द अडतच बुडाली होती. वरच्या गिरणीवाल्याने ओढले की मधला कोसळायचा, आणि मधला कोसळण्याआधी खालचा. १९२८ च्या शेती आयोगाने या कडत्या-धर्मादायावर टीका केली, १९३९ साली मुंबई इलाख्यात बाजाराचा कायदा झाला, रुमालाखालची बोटे उघड्यावर आली. कापसाचीही कथा तिथे थांबली नाही. याच धारवाडात कातरकी यांनी १९७२ साली 'वरलक्ष्मी' हे संकरित वाण काढले आणि ते देशभर गेले. आज बेलूरच्या कितीतरी घरांतली मुले कारखान्यात पाळीवर जातात आणि महिन्याच्या पावतीवर पगार आणि कपात या दोन रकान्यांत आपले नशीब वाचतात. मी तीस वर्षे त्या पावत्या तयार केल्या. कपातीचा रकाना कोणत्याही काळात असतोच. तो उघड दिसावा, वाचता यावा, आणि ज्याची कपात झाली त्याला त्यावर बोट ठेवता यावे, एवढाच काय तो फरक.

मास्तरांच्या कोऱ्या वहीत आम्ही तीन रकाने आखले आहेत. पहिल्यात मी मोडी मजकूर देवनागरीत उतरवतो. दुसऱ्यात मास्तर तोच कानडीत लिहितात. तिसरा रकाना गावासाठी. म्हणजे त्या घराचे आता कोण आहे, ते शेत कुठे होते, कारखान्यात गेले की अजून कसले जाते, म्हातारी माणसे काय सांगतात. पहिले दोन रकाने भराभर भरतात, तिसरा फार सावकाश. कारण तो भरायला दारोदार जावे लागते आणि प्रत्येक दारात चहा घ्यावा लागतो. शिवाय सांगणारी माणसे दर पावसाळ्याला कमी होताहेत. जुनी घरे पडतात, पत्रे येतात, वसाहतीसाठी गेलेल्या शेतांची नावे त्यांच्या मालकांबरोबर जातात. 'हुणशीकट्टी' म्हणजे चिंचेचा पार असलेले शेत. तिथे आता चिंच नाही, पार नाही, कुंपण आहे. नाव तेवढे आमच्या तिसऱ्या रकान्यात आहे.

सीमाभागातल्या वाचकांच्या माळ्यावरही असे रुमाल असतीलच. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतले, बेळगावच्या रविवारपेठेतले, खानापूरच्या लाकडाच्या अड्ड्यातले. दिवाळीची साफसफाई काढली की ते खाली येतात, आणि हळदकुंकू वाहून झाल्यावर एखाद्या वर्षी रद्दीवाल्याकडे जातात. ते एकदा सोडून पाहा. अक्षर लागले नाही तर मोडी जाणणारा शोधा, आणि नावे लागली नाहीत तर कानडी शेजाऱ्याला हाक मारा. मात्र वाचताना वजाबाकीची ओळ गाळू नका. काल आम्ही शके १८५५ च्या वैशाखापर्यंत आलो. पुन्हा एक 'मौजे बेलूर' आहे, घराचे नाव पुसट झाले आहे. मास्तर उद्या वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या आजींना विचारून येणार आहेत.